मोटारगाडीच्या रंगलेपाची दुरुस्ती

मोटारगाडीच्या पत्र्यावरील रंगलेपास पडलेले ओरखडे बुजविणे, उघडा पडलेला धातू पुन्हा झाकणे आणि तो भाग रंग, चकाकी व टिकाऊपणा या बाबतींत भोवतालच्या भागाशी मिळता करणे, या क्रियेस रंगलेपाची दुरुस्ती म्हणतात. ही दुरुस्ती केवळ शोभेसाठी केली जाते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः हवा, पाणी व क्षार यांना लोखंडी पत्र्यापासून दूर ठेवणे हे रंगलेपाचे पहिले कार्य असून शोभा हे दुसरे कार्य होय. पत्र्यापर्यंत पोचलेला ओरखडा वेळीच न बुजविल्यास गंज लेपाच्या खालून पसरत जातो व कालांतराने पत्र्यालाच भोक पडते. मुंबईसारख्या दमट व खाऱ्या हवेच्या शहरात हा धोका विशेष असतो.

या दुरुस्तीच्या इतिहासात दोन प्रवाह आढळतात. एक कारखान्यात लेप देण्याच्या पद्धतींचा आणि दुसरा गॅरेजांत तसाच लेप पुन्हा उभा करण्याच्या कारागिरीचा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे दोन्ही प्रवाह बऱ्याच अंशी एक होते. उत्तरार्धात ते परस्परांपासून दूर गेले. या फारकतीचा परिणाम दुरुस्तीचे तंत्र व खर्च यांवर, तसेच कारागिरांच्या उपजीविकेवर व आरोग्यावरही झाला.

रंगलेपाची रचना व ओरखड्यांचे प्रकार : आधुनिक गाडीवरील रंगलेप एकजिनसी नसतो. स्वच्छ केलेल्या पत्र्यावर प्रथम फॉस्फेटाचा अतिशय पातळ स्फटिकमय थर देतात. त्यावर विद्युत् निक्षेपणाने गंजरोधक अस्तराचा सु. २० मायक्रोमीटर जाडीचा थर बसवितात. त्यानंतर पृष्ठभाग सपाट करणारे दुसरे अस्तर (सु. ३० ते ४० मायक्रोमीटर), रंगद्रव्य असलेला रंगीत थर (सु. १५ ते २० मायक्रोमीटर) व सर्वांत वर पारदर्शक थर (सु. ४० ते ५० मायक्रोमीटर) असतो. या साऱ्यांची एकत्रित जाडी साधारणपणे १०० ते १५० मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरच्या एकदशांशाहून थोडी अधिक भरते. गाडीचे सारे संरक्षण एवढ्याशा जाडीवर अवलंबून असते.

ओरखडा कोणत्या थरापर्यंत गेला आहे त्यावरून त्याचे तीन प्रकार करतात. केवळ पारदर्शक थरातील ओरखडा उथळ समजतात. तो झिलई करून घालविता येतो. रंगीत थर छेदून अस्तरापर्यंत गेलेला ओरखडा निराळ्या रंगाच्या रेषेसारखा दिसतो व त्यावरून नख फिरविल्यास ते अडते. तिसऱ्या प्रकारात अस्तरही तुटून धातू उघडा पडतो. दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारांना खोल ओरखडे म्हणतात. ज्या थरांतील द्रव्यच निघून गेले आहे ते झिलईने परत येत नाही, म्हणून त्यांच्या बाबतीत नवा लेप देणे अपरिहार्य ठरते.

बग्ग्यांचा वारसा : मोटारगाड्यांचे पहिले रंगारी हे घोड्यांच्या बग्ग्या रंगविणारे कारागीर होते. जवसाचे तेल हे बंधक, सफेता व तत्सम रंगद्रव्ये आणि वर व्हार्निशचे अनेक हात अशी त्यांची पद्धत होती. प्रत्येक हात ब्रशाने देऊन तो वाळल्यावर पमीस दगडाने पाण्यात घासून सपाट करीत. तेल हवेतील ऑक्सिजनाशी संयोग पावून सावकाश घट्ट होते. त्यामुळे एक गाडी पूर्ण होण्यास कित्येक आठवडे लागत. दुरुस्तीलाही तेवढाच धीर लागे. मात्र मूळ लेप देणारा कारागीर व दुरुस्ती करणारा कारागीर यांची साधने, द्रव्ये व कौशल्य एकच असे.

गाड्यांचे उत्पादन वाढू लागताच हा वेळखाऊपणा अडचणीचा ठरला. अमेरिकेतील फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’ ही गाडी १९१४ ते १९२५ या काळात केवळ काळ्या रंगात मिळत असे. ॲस्फाल्टयुक्त काळे एनॅमल भट्टीत तापवून पक्के करता येई व ते स्वस्त आणि टिकाऊ होते, हे त्यामागील एक महत्त्वाचे कारण होय.

लॅकरचे युग : १९२३ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीने नायट्रोसेल्युलोजापासून तयार केलेले ‘ड्युको’ हे लॅकर जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांसाठी प्रथम वापरण्यात आले. त्यामुळे लेप वाळण्याचा काळ आठवड्यांवरून तासांवर आला. ते इतके झपाट्याने वाळे, की ब्रशाने देणे कठीण जाई. म्हणून फवारयंत्राचा प्रसार झाला. हे यंत्र अमेरिकेतील टॉमस डेव्हिलबिस यांनी १९०७ मध्ये सिद्ध केले होते. याच सुमारास दुरुस्तीच्या दोन अत्यंत उपयुक्त साधनांची भर पडली. १९२१ मध्ये पाण्यात वापरता येणारा घासकागद बाजारात आला. त्यामुळे घासताना उडणारी धूळ कमी झाली व पृष्ठभाग अधिक गुळगुळीत होऊ लागला. गाड्या दोन रंगांत रंगविताना रंगाऱ्यांची होणारी अडचण पाहून रिचर्ड ड्रू यांनी १९२५ मध्ये सहज निघणारी चिकटपट्टी तयार केली. आजही रंगकामाच्या वेळी शेजारचा भाग झाकण्यासाठी हीच पट्टी वापरतात.

दुरुस्तीच्या दृष्टीने लॅकरचा एक गुण फार महत्त्वाचा होता. लॅकर वाळताना त्यातील विद्रावक उडून जातो. बंधकात रासायनिक बदल होत नाही. त्यामुळे वाळलेला लेप त्याच विद्रावकाने पुन्हा मऊ होतो. ओरखड्यावर ताज्या लॅकरचा फवारा मारला म्हणजे जुन्या लेपाच्या कडा किंचित विरघळून नव्या लेपात मिसळत व जोड दिसेनासा होई. कारखान्यात वापरलेले द्रव्य व गॅरेजात वापरलेले द्रव्य एकच असल्यामुळे एक फवारयंत्र व एक हवादाबक यंत्र एवढ्या सामग्रीवर साधा कारागीरही कारखान्याच्या तोडीचे काम करू शके. भारतात ‘ड्युको’ हे व्यापारी नाव इतके रूढ झाले, की पुढे फवाऱ्याने दिलेल्या कोणत्याही चकचकीत रंगाला, मग तो लाकडी कपाटावरचा का असेना, ‘ड्युको’ म्हणण्याचा प्रघात पडला.

या लेपात उणिवाही होत्या. तो ज्वालाग्राही होता व काही काळाने निस्तेज होई; त्याला वारंवार झिलई द्यावी लागे. दमट हवेत त्याची आणखी एक खोड प्रकट होई. विद्रावक वेगाने उडून गेल्यामुळे पृष्ठभाग थंड होतो, हवेतील बाष्प त्यावर जमते आणि लेपावर दुधाळ पांढरी झाक येते. मुंबईच्या पावसाळ्यात ही अडचण नित्याची असे. अशा वेळी सावकाश उडणारे विद्रावक मिसळणे किंवा पावसाची उघडीप पाहून काम करणे, हे उपाय रंगाऱ्यांना योजावे लागत.

लॅकरबरोबरच १९३० नंतर अल्किड रेझिनांची एनॅमले प्रचारात आली. १९५० नंतरच्या दशकात अधिक टिकाऊ अशी ॲक्रिलिक लॅकरे आली. त्याच दशकात पॉलिएस्टर रेझीन व शंखजिरे यांची लांबी (पुट्टी) उपलब्ध झाली. तोपर्यंत पत्र्यातील खोलगट भाग भरण्यासाठी वितळविलेल्या शिसे-कथिलाच्या मिश्रधातूचा वापर करीत. ते काम कौशल्याचे व आरोग्यास घातक होते. नवी लांबी कठीणकारक द्रव्य मिसळल्यावर काही मिनिटांतच घट्ट होई व ती सहज घासता येई. मात्र ती पाणी शोषून घेते. म्हणून गंज न काढता तिचा जाड थर भरल्यास गंज आतल्या आत वाढत राहतो. घाईच्या दुरुस्तीत हा दोष वारंवार आढळतो.

कारखाना व गॅरेज यांची फारकत : १९६० नंतर कारखान्यांतील रंगकामात मूलभूत बदल झाले. गाडीचा सांगाडा रंगाच्या कुंडात बुडवून विद्युत् प्रवाहाच्या साह्याने अस्तर बसविण्याची पद्धत त्या दशकात मोटार उद्योगात आली. त्यामुळे ब्रश व फवारा यांना अगम्य अशा पोकळ भागांतही अस्तर पोचू लागले. हे अस्तर व त्यावरील थर भट्टीत सु. १४० ते १८० से. तापमानास पक्के करतात. या उष्णतेमुळे बंधकाच्या रेणूंची जाळीदार जोडणी होते व लेप विद्रावकाला दाद देत नाही. रंगीत थरावर स्वतंत्र पारदर्शक थर देण्याची पद्धत १९८० नंतर सर्वत्र पसरली.

दुरुस्तीच्या वेळी मात्र ही पद्धत तशीच्या तशी वापरता येत नाही. पूर्ण बांधलेल्या गाडीत रबर, प्लॅस्टिक, काच, तारा व इंधन असते. तिला एवढ्या तापमानास तापविणे शक्य नसते. म्हणून दुरुस्तीसाठी साध्या तापमानात किंवा सु. ६० ते ८० से. तापमानात घट्ट होणारी निराळी द्रव्ये शोधावी लागली. त्यांपैकी दोन घटकांचे पॉलियुरेथेन लेप सर्वांत यशस्वी ठरले. पॉलियुरेथेनाचे रसायन जर्मनीत ओटो बायर यांनी १९३७ मध्ये विकसित केले होते. या लेपाचा एक घटक रेझीन व दुसरा आयसोसायनेट असून ते वापरापूर्वी मिसळतात. असा लेप कठीण व चकचकीत असतो. परंतु तो जुन्या लेपात विरघळून एकजीव होत नाही. जुना पृष्ठभाग घासून खरबरीत केला तरच तो धरून राहतो. अशा रीतीने दुरुस्ती ही मूळ लेपाची पुनरावृत्ती न राहता निराळ्या द्रव्यांनी केलेली त्याची प्रतिकृती झाली.

भारतातील व मुंबईतील वाटचाल : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत मोटारगाड्या आल्या व १९११ मध्ये भाड्याच्या टॅक्सी सुरू झाल्या. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने शिवडी येथे जुळणी कारखाना काढला. परदेशांतून आणलेले सुटे भाग येथे जोडले जात. हा कारखाना १९५४ मध्ये बंद झाला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यातून १९४७ मध्ये पहिली गाडी बाहेर पडली. याच कंपनीची फिएट ११०० जातीची गाडी १९६४ पासून ‘डिलाइट’ व पुढे १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने प्रसिद्ध झाली.

रंगांच्या उत्पादनातही मुंबई आघाडीवर होती. भारतातील पहिला मोठा रंगकारखाना १९०२ मध्ये हावड्याजवळ शालिमार येथे निघाला. १९२० मध्ये मुंबईत लोअर परळ येथे गॅहॅगन पेंट्स अँड व्हार्निश ही कंपनी निघाली. तीच पुढे गुडलास नेरोलॅक व २००६ पासून कन्साई नेरोलॅक या नावाने ओळखली जाऊ लागली. १९४२ मध्ये चार मित्रांनी मुंबईत एशियन पेंट्स ही संस्था सुरू केली. १९८० नंतरच्या दशकात गुडलास नेरोलॅकने जपानच्या कन्साई पेंट या कंपनीशी सहकार्य केले. मोटार उद्योगास लागणारे आधुनिक लेप भारतात तयार होण्यास अशा सहकार्यांमुळे चालना मिळाली.

स्वातंत्र्योत्तर काळात आयातीवर निर्बंध होते, गाड्यांचे उत्पादन मर्यादित होते व नव्या गाडीसाठी कित्येक वर्षे वाट पाहावी लागे. परिणामी गाडी ही टाकून देण्याची वस्तू न राहता पिढ्यान्‌पिढ्या जतन करण्याची वस्तू बनली. पत्रा ठोकून सरळ करणारा ‘डेंटर’ व रंगकाम करणारा ‘पेंटर’ अशी कामाची विभागणी रूढ झाली. १९५० मध्ये सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेखाली औद्योगिक प्रशिक्षण संस्था निघाल्या. तरी या व्यवसायातील बहुतेक शिक्षण उस्तादाच्या हाताखाली काम करूनच होत राहिले. डोळे मिटून तळहात पत्र्यावरून फिरविणे आणि डोळ्यांना न दिसणारा उंचसखलपणा बोटांनी ओळखणे, हे या शिक्षणातील मुख्य कौशल्य होय.

मुंबईच्या टॅक्सींचा काळा व पिवळा रंग या कारागिरीस अनुकूल होता. हे दोन्ही रंग सपाट म्हणजे धातुचूर्णविरहित असल्याने त्यांची जुळणी सोपी जाई व केवळ बिघडलेल्या भागावर फवारा मारून काम भागे. टॅक्सीचालकाच्या दृष्टीने याला आर्थिक महत्त्व होते. गाडी गॅरेजात उभी राहील तितके दिवस त्याचे उत्पन्न बुडे. संध्याकाळी दिलेली टॅक्सी सकाळी पुन्हा रस्त्यावर येणे, ही चांगल्या रंगाऱ्याची कसोटी मानली जाई. परवान्यासाठी होणाऱ्या वार्षिक तपासणीपूर्वी गाडीचा रंग नीट करून घेणे हेही चालकास आवश्यक असे. विम्याचा आधार अशा किरकोळ कामांना फारसा मिळत नसे. १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमाने त्रयस्थांच्या हानीपुरताच विमा सक्तीचा केला होता. सर्वंकष विमा घेतला, तरी रंगसाहित्याच्या किमतीवर मोठा घसारा धरला जातो व दावा केल्यास पुढील हप्त्यातील सवलत जाते. त्यामुळे ओरखड्यांच्या दुरुस्तीचा खर्च मालक बहुधा स्वतःच सोसतो, व या खर्चावरच लहान गॅरेजांचा व्यवसाय उभा राहिला.

१९८३ च्या अखेरीस मारुती गाडी बाजारात आली. तिच्यामागून आलेल्या अनेक गाड्यांवर धातूची चमक असलेले रंग व पारदर्शक थर असत. या रंगातील ॲल्युमिनियमाच्या सूक्ष्म चकत्या फवाऱ्याचा दाब, अंतर व विद्रावकाचे प्रमाण यांनुसार निरनिराळ्या दिशांना बसतात व तोच रंग कमीअधिक उजळ दिसतो. त्यामुळे केवळ डोळ्यांच्या अंदाजाने रंग जुळविणे अवघड झाले. गाडीवरील रंगसंकेतांक, वजन करून रंग मिसळण्याची यंत्रे व वर्णपटमापक यांचा वापर सुरू झाला. धूळविरहित फवारणीकक्ष व तापकक्ष यांच्यासाठी लागणारे भांडवल लहान गॅरेजांच्या आवाक्याबाहेर होते. परिणामी उत्पादकांच्या अधिकृत दुरुस्तीकेंद्रांकडे हे काम मोठ्या प्रमाणात वळले.

सागरी हवा व खारदांडा : रंगलेपाचे संरक्षक कार्य किती मोलाचे आहे, हे मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावर स्पष्टपणे दिसते. खारदांडा ही मुंबई उपनगर जिल्ह्यातील अरबी समुद्राकाठची जुनी कोळी वस्ती होय. तिच्या दक्षिणेस वांद्रे व उत्तरेस जुहू आहे. १९२४ मध्ये खार रेल्वेस्थानक सुरू झाल्यावर या भागात नागरी वस्ती वाढली व १९५० मध्ये हा भाग बृहन्मुंबई महानगरपालिकेत समाविष्ट झाला. कोळीवाड्याच्या अरुंद गल्ल्या व वाढती वाहने यांमुळे भिंती, हातगाड्या व दुचाकी यांच्याशी घासून गाड्यांना ओरखडे पडण्याचे प्रसंग येथे सहज उद्भवतात.

लाटा फुटताना उडणारे खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म थेंब वाऱ्याबरोबर किनाऱ्यावर येतात व त्यांतील मीठ गाड्यांवर बसते. हवेची सापेक्ष आर्द्रता सु. ७५ टक्क्यांहून अधिक झाली, की मीठ हवेतील बाष्प शोषून द्रवरूप होते. पावसाळ्यात मुंबईची आर्द्रता बहुतेक काळ या मर्यादेच्या वर असते. जवळच्या सांताक्रूझ वेधशाळेत जून ते सप्टेंबर या काळात सरासरी २,२०० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. त्यामुळे पाऊस थांबला तरी ओरखड्यातील धातू खाऱ्या ओलाव्याखालीच राहतो. क्लोराइड आयनांमुळे गंजण्याची क्रिया जलद होते. गंजाचे घनफळ मूळ लोखंडाच्या कित्येक पट असल्याने तो लेपाला खालून उचलतो, लेपावर फोड येतात व ओरखड्याची रेषा रुंदावत जाते. कोरड्या प्रदेशात दीर्घकाळ टिकणारा ओरखडा येथे एका पावसाळ्यात पत्र्याचा रोग बनू शकतो. मीठ व वाळूचे कण बसलेली गाडी कोरड्या फडक्याने पुसल्यास नवे ओरखडे पडतात. म्हणून ती आधी भरपूर गोड्या पाण्याने धुणे इष्ट ठरते.

याच किनाऱ्यावर मोटारगाडीच्या कितीतरी आधीपासून अशाच स्वरूपाचे दुसरे काम चालत आले आहे. जून व जुलै या महिन्यांत मासेमारी बंद असते. त्या काळात कोळी बांधव होड्या किनाऱ्यावर ओढून त्यांची डागडुजी करतात. जुना रंग खरवडणे, कुजलेले लाकूड काढून टाकणे, फटींत कापूस व राळ-तेलाचे मिश्रण भरणे, पृष्ठभाग सारखा करणे व शेवटी रंग देणे, असा लाकडी होड्यांच्या कामाचा पारंपरिक क्रम आहे. नारळी पौर्णिमेच्या सुमारास होड्या पुन्हा समुद्रात जातात. लाकडाच्या जागी पत्रा व कुजण्याच्या जागी गंज एवढा फरक सोडल्यास मोटारगाडीच्या खोल ओरखड्याची दुरुस्ती याच क्रमाने होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काचतंतू व पॉलिएस्टर रेझीन यांच्या होड्या प्रचारात आल्यावर दोन्ही कामांतील द्रव्येही जवळ आली. होडीच्या सांगाड्यात व गाडीच्या लांबीत एकाच वर्गाचे रेझीन असते.

दुरुस्तीची कृती : ओरखड्याचा भाग प्रथम गोड्या पाण्याने व साबणाने धुऊन त्यावरील मीठ, तेल व मेण पूर्णपणे काढतात. मीठ राहिल्यास नवा लेप कितीही चांगला असला तरी त्याखाली ओलावा साचून फोड येतात. नंतर ओरखड्याच्या कडा जाडसर घासकागदाने (सु. ८० ते १८० क्रमांक) घासून उतरत्या करतात व पुढे ३२० क्रमांकापर्यंत बारीक कागद वापरतात. उतार जितका विस्तृत, तितका जोड कमी दिसतो. गंज असल्यास तो स्वच्छ धातू दिसेपर्यंत काढतात. सूक्ष्म खळग्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक अम्लयुक्त द्राव लावून त्याचे फॉस्फेटात रूपांतर करतात. आधुनिक गाड्यांच्या पत्र्यावर जस्ताचा थर असतो. जस्त स्वतः झिजून लोखंडाचे रक्षण करते, म्हणून तो थर अकारण घासून टाकू नये.

उघड्या धातूवर त्याच दिवशी, शक्य तर लगेच, गंजरोधक अस्तर देतात. किनारी भागात ही घाई आवश्यक असते, कारण स्वच्छ घासलेल्या पत्र्यावर दमट हवेत काही तासांतच तांबूस झाक येऊ शकते. खोलगट भाग राहिल्यास पातळ हातांनी लांबी भरून ती घासतात व त्यावर सपाटी आणणारे अस्तर फवारतात. हे अस्तर वाळल्यावर पाण्यातील बारीक घासकागदाने (सु. ४०० ते ६०० क्रमांक) एकसारखे करतात. त्यानंतर रंगीत थराचे दोनतीन पातळ हात देऊन प्रत्येक हाताची व्याप्ती आधीच्यापेक्षा थोडी वाढवितात, म्हणजे नवा रंग जुन्यात हळूहळू विरत जातो. पारदर्शक थर मात्र शक्यतो दार किंवा पंखा (मडगार्ड) अशा संपूर्ण भागावर देतात. लेप पूर्ण घट्ट झाल्यावर सु. २,००० क्रमांकाच्या कागदाने धूळकण काढून झिलई करतात. उन्हाने जुना रंग फिका पडलेला असल्यास कारखान्याच्या संकेतांकाप्रमाणे केलेला रंगही वेगळा दिसतो. म्हणून प्रत्यक्ष गाडीवर, दिवसाच्या उजेडात रंग ताडून पाहावा लागतो. दिव्याखाली जुळलेला रंग उन्हात वेगळा दिसू शकतो.

कारागिरांचे आरोग्य : लेपांत झालेल्या प्रत्येक बदलाबरोबर कारागिरांपुढील धोक्याचे स्वरूपही बदलले. सफेत्यातील व मिश्रधातूतील शिसे गेले, तरी औद्योगिक पिवळ्या रंगांत शिशाचे क्रोमेट दीर्घकाळ वापरात राहिले. असा जुना लेप कोरडा घासल्यास शिसेयुक्त धूळ शरीरात जाते. लॅकरमुळे आगीचा धोका व टोल्यूइनासारख्या विद्रावकांच्या वाफांचा त्रास आला. पॉलियुरेथेन लेपांतील आयसोसायनेटांमुळे दमा जडतो, आणि एकदा शरीर संवेदनशील झाल्यावर अत्यल्प प्रमाणातही त्याचा झटका येऊ शकतो. साधा कापडी रुमाल किंवा धूळरोधक मुखवटा यांनी या वाफा अडत नाहीत. त्यासाठी बाहेरून शुद्ध हवा पुरविणारा मुखवटा लागतो. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने शिशाची विषबाधा ही कळविण्याजोग्या व्यवसायजन्य रोगांत समाविष्ट केली. परंतु तो मुख्यतः यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या व दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांस लागू होता. दोनचार माणसांची गॅरेजे त्याच्या कक्षेबाहेर राहिली. घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम भारतात २०१६ मध्ये करण्यात आले व १ नोव्हेंबर २०१७ पासून ते लागू झाले. मोटारगाड्यांचे रंग मात्र त्यांत येत नाहीत.

अलीकडील प्रवृत्ती : विद्रावकांच्या वाफांमुळे होणारे हवेचे प्रदूषण कमी करण्यासाठी पाण्यावर आधारित रंगीत थर प्रचारात आले. यूरोपीय संघाने २००४ मध्ये केलेल्या निर्देशानुसार २००७ पासून वाहनांच्या दुरुस्तीच्या रंगांतील विद्रावकांवर मर्यादा घातली. २००५ मध्ये जपानच्या निसान कंपनीने बारीक ओरखडे आपोआप भरून येणारा पारदर्शक लेप जाहीर केला. गाडीवर पारदर्शक प्लॅस्टिकचे आवरण किंवा सिलिकायुक्त लेप देण्याची पद्धतही वाढली आहे. यांपैकी सिलिकायुक्त लेप अवघे काही मायक्रोमीटर जाडीचे असल्याने ते खोल ओरखडा थोपवू शकत नाहीत. धातू उघडा पडल्यावर मात्र या सर्व नवीन उपायांनंतरही स्वच्छ करणे, भरणे, सपाट करणे व झाकणे हा जुना क्रम टळत नाही.

प्रीमियर पद्मिनी गाडीचे उत्पादन २००१ च्या सुमारास थांबले. मुंबईत टॅक्सींच्या वापरासाठी वीस वर्षांची कालमर्यादा असल्याने या जातीची अखेरची नोंदणीकृत टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून सेवेतून बाद झाली. तिच्याबरोबर सपाट रंगांच्या सुलभ दुरुस्तीचे एक पर्व संपले. नव्या गाड्यांचे पत्रे अधिक गंजरोधक व लेप अधिक टिकाऊ आहेत. त्याच वेळी त्यांची दुरुस्ती अधिक खर्चाची व यंत्रावलंबी झाली आहे. लहान गॅरेजांतील कारागीर नवी द्रव्ये वापरू लागले असले, तरी त्यांना लागणारे प्रशिक्षण व संरक्षक साधने त्या प्रमाणात त्यांच्यापर्यंत पोचलेली नाहीत. दुरुस्तीचा दर्जा ठरविताना नव्या लेपाच्या चकाकीपेक्षा पुढील पावसाळ्यानंतर त्याच्या कडांवर गंज दिसतो की नाही, ही कसोटी अधिक विश्वसनीय होय.